पुरं धरायचं माप

साल दोन हजार नऊ. माझं वय तेव्हा सत्तावन्न. शिरूरच्या बाजारपेठेत देसाई सरांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथं मी कामाला होतो. काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "प्रोग्राम बांधतो." ऐकणारा माझ्या टोपीकडं बघायचा, पायातल्या वहाणांकडं बघायचा आन् हसायचा. एक जण म्हणाला, "गाठोड्यात का पेंडीत?" हसू द्यायचं. मी बांधलेला प्रोग्राम शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कितीतरी डेअऱ्यांत सांज-सकाळ दूध मोजत होता.

हे लिहायला सांगणारे संपादक म्हणाले, आप्पा, नोकरीला लागल्यापासून सगळं क्रमानं लिहा. तसं मला जमणार नाही. मी एका दिवसाचं लिहितो, आणि तो दिवस कळायला लागेल तेवढं मागचं.

माझी शाळा चौथी. पाचवीला इंग्रजीचं पुस्तक हातात यायच्या आत मेंढरं हातात आली. तेव्हा आमची मेंढरं होती, पावसाळा सरला की वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन घाट उतरून कोकणात जायचं. पुढं वडिलांनी मेंढरं मोडून विहीर पाडली आणि आम्ही एका जागी बसलो. पण मेंढक्याच्या पोराला एक गोष्ट येते. शे-सव्वाशे मेंढरांत आपलं कोणतं आणि पाहुण्याच्या कळपातलं कोणतं, ते तो तोंडावरून सांगतो. इंग्रजी मी तशीच शिकलो. मी ती वाचत नाही, ओळखतो. कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो, कुणाच्या मागं कंस लागतो, कुठं ठिपका चुकला, हे मला दिसतं. त्याचा अर्थ विचाराल तर सरांनी सांगितला तेवढाच येतो.

सरांनी मला ठेवलं होतं हमाल म्हणून. त्या काळी कॉम्प्युटरचं खोकं उचलायला दोन माणसं लागायची, मी एकटा उचलायचो. त्यांचा धंदा दूध डेअऱ्यांचा. डेअरीत इलेक्ट्रॉनिक काटा बसवायचा, काट्याची वायर कॉम्प्युटरला जोडायची, कॉम्प्युटरनं वजन घ्यायचं, फॅट घ्यायची आणि पावती छापायची. हे सगळं करणारा प्रोग्राम सरांनी स्वतः सी भाषेत लिहिला होता. बाकीचे दुकानदार तयार प्रोग्राम फ्लॉपीवर देऊन मोकळे व्हायचे. सरांची रीत निराळी. ते म्हणायचे, प्रत्येक डेअरीचा काटा वेगळा, चालरीत वेगळी, तेव्हा प्रोग्राम त्या डेअरीत बसून, त्याच मशीनवर बांधायचा. बांधून झालं की एक सांज आणि एक सकाळ तिथंच थांबायचं. दोन वेळचं दूध सुरळीत मोजलेलं डोळ्यांनी बघायचं, मगच शिरूरचा रस्ता धरायचा. खोकी उचलता उचलता सरांच्या शेजारी बसून मीही बांधायला शिकलो.

आता बांधणं म्हणजे काय ते सांगतो. प्रोग्राम माणूस लिहितो तो माणसाला कळेल असा. मशीनला तो कळत नाही. मध्ये एक कंपायलर नावाचा प्रोग्राम असतो, तो आपलं लिखाण ओळीओळीनं तपासतो आणि मशीनच्या बोलीत करून देतो. सगळंच काही आपण लिहीत नाही. आकडा छापणं, मेमरीत जागा मागणं, असली रोजची कामं करणारी तयार फंक्शनं सिस्टीमबरोबर येतात, तिला लायब्ररी म्हणतात. आणि त्या प्रत्येक फंक्शनची ओळख एका फाईलीत लिहिलेली असते, की याचं नाव अमुक, हा अमुक घेतो आणि तमुक परत देतो.

गावातली उदाहरणं बरी. गिरणी म्हटलं की ज्वारी द्यायची, पीठ घ्यायचं. समजा एका माणसानं हमालाला सांगितलं, गिरणीत ज्वारी जाते, पीठ येतं. दुसऱ्यानं सांगितलं, गिरणीत शेंगदाणा जातो, तेल येतं. नाव दोघांनीही एकच सांगितलं. हमाल पोतं पाठीवर घेऊन रस्त्यातच उभा राहणार. कंपायलर तसाच उभा राहतो. पडद्यावर लिहून देतो की या नावाच्या दोन ओळखी आल्यात, त्या एकमेकींशी जुळत नाहीत, मी पुढं जात नाही. बांधकाम तिथंच थांबतं.

असली भांडणं मिटवणं हे माझं निम्मं काम होतं. त्याचं कारणही साधं. सरांनी प्रोग्राम लिहिला तेव्हाच्या जुन्या सिस्टीममध्ये पुष्कळ ओळखी लिहिलेल्याच नव्हत्या, म्हणून सरांनी त्या आपल्या हातानं लिहून ठेवल्या. पुढं नव्या सिस्टीम आल्या, त्यांनी स्वतःच्या ओळखी आणल्या. मग जुन्याचं आणि नव्याचं लागलं.

मांडवगण फराट्याचा एक मासला सांगतो. तिथल्या डेअरीचे सेक्रेटरी पैलवान गडी. नवं मशीन घेतलं आणि आम्हाला बोलवायच्या आधीच त्यांनी कुणाकडून तरी घरच्या घरी प्रोग्राम बांधून घेतला. जागा मागायच्या फंक्शनवरून भांडण होतं, ते एकाच नावाचं. बांधणाऱ्यानं सरांच्या हातच्या सगळ्याच ओळखी पुसून टाकल्या. कंपायलर थोडा कुरकुरला, पण बांधून दिलं. ज्या फंक्शनची ओळखच नाही ते पूर्ण आकडा परत देतं, असं तो जुना कंपायलर धरून चालायचा. आणि काट्याचं वजन वाचणारं फंक्शन तर पॉइंटातला आकडा देणारं! संध्याकाळी दूध आलं, पावत्या छापल्या, त्यात एका म्हशीचं दूध उणे निघालं.

सर आणि मी गेलो तर पैलवान शांत. म्हणाले, "सर, मशीन बरोबरच असंल. ती म्हस लई द्वाड हाय. दिलेलं परत घेतलं असंल."

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी ओळखी जागच्या जागी लिहिल्या, भांडणारी तेवढी एक काढली आणि परत बांधलं. येताना गाडीत म्हणाले, "आप्पा, बांधलं गेलं म्हणजे झालं, असं कधी समजू नका. आत काय बदललं ते बघा." मी ते बघत आलो.

सर वारले दोन हजार सातला. त्यांची पुतणी सीमा, इंजिनीअर झालेली. तिला शिक्रापूरच्या कंपनीत नोकरी लागत होती, ती सोडून तिनं दुकान घेतलं. माझ्यापेक्षा वयानं अर्ध्याहून कमी, पण मालकीण, म्हणून मी ताई म्हणायचो. कामाला चोख पोरगी. मला येत नव्हतं असं पुष्कळ तिला येत होतं, आणि विचारायची लाज तिलाही नव्हती, मलाही नव्हती. भांडण मात्र रोज व्हायचं.

आता त्या दिवसाकडं येतो.

खुटबावच्या पलीकडं एक डेअरी होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. ही सरांची अगदी पहिली डेअरी. ती काढली तात्यांनी. तात्या म्हणजे बागायतदार माणूस, उसाबरोबर फुलं आणि भाजी करायचे, पण डेअरी काढली ती बिनबागायतीवाल्यांसाठी. काटा यायच्या आधी तिथं मापानं दूध घ्यायचे. लिटर, अर्धा लिटर, पाव, अशी पत्र्याची मापं. शेवटचं माप बहुतेक वेळा काठोकाठ भरत नाही, थोडं अपुरं राहतं. दुसऱ्या डेअऱ्यांत ते सोडून द्यायचे. तात्या मापाड्याच्या मागं उभे राहून म्हणायचे, "पुरं धरा." का तर किटलीला थोडं चिकटून राहतं, वाटेत थोडं हिंदकळतं, ते आणणाऱ्याच्या अंगावर कशाला?

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला आम्ही तिथं काटा बसवला तेव्हा बायका कुरकुरल्या. हौसाआक्का सगळ्यांत पुढं. ही आमच्यातलीच, धनगराची. नवरा गेलेला, मेंढरं गेलेली, एक म्हैस राखून होती. वेळेला दीड लिटर, फार तर पावणेदोन. ती सरांना तोंडावर म्हणाली, "मास्तर, मापाड्याला तोंड हाय, त्याच्याशी भांडता येतं. ह्या डब्याला काय म्हनू?"

तात्या सरांना म्हणाले, "तुमच्या डब्याला शिकवा पुरं धरायला."

सरांनी शिकवलं. काटा दोन घरांपर्यंत पॉइंट दाखवायचा, पावतीवर एकच घर छापायचं. एक पॉइंट त्रेसष्ट आलं तर शाळेतल्या गणितानं एक पॉइंट सहा. सरांनी एक छोटं फंक्शन लिहिलं, ते एक पॉइंट सात करायचं. काही उरलं की वरचं घर. कायम वरचंच, कधी खालचं नाही. त्या फंक्शनला सरांनी नाव दिलं राउंड. त्या वेळच्या सिस्टीममध्ये त्या नावाचं दुसरं कुणी नव्हतं.

चाळीस लिटर घालणाऱ्याला त्यातलं काही कळलंसुद्धा नाही. दीड लिटरवालीला कळलं. त्या डेअरीचं माप चांगलं असं आजूबाजूच्या वस्त्यांवर बोललं जायचं, का ते कुणी विचारलं नाही. ते ठरलं तेव्हा तिघंच होतो, तात्या, सर आणि मी. पुढं तात्या गेले, मग सर गेले. राहिलो मी.

दोन हजार नऊला तिथलं मशीन जळालं. सीमाताईनं नवं मशीन आणि त्यावर लिनक्स नावाची नवी सिस्टीम घेतली. आम्ही दोघं न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून, दुपारपर्यंत पोहोचलो. तात्यांचे चिरंजीव बापू आता चेअरमन होते. तरुणपणी ते शिक्रापूरला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात होते, वडील थकल्यावर गावी परतले. माणूस कडक, पण खोटा नव्हे. सकाळचं दूध वहीवर हातानं लिहून घेतलं होतं, सांजेच्या आत मशीन चालू पाहिजे म्हणून आमच्या मागं खुर्ची टाकून बसले.

मी बांधायला लावलं. कंपायलर अडला. दोन नावांवर भांडण होतं.

पहिलं गेटलाइन. काट्याच्या वायरीतून येणारी एक ओळ वाचायचं सरांचं फंक्शन. नव्या सिस्टीमनं आता त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन आणलं होतं, घेणं वेगळं, देणं वेगळं. हे सोपं. आपल्या फंक्शनचं नाव बदलायचं आणि जिथं जिथं त्याला हाक मारली आहे तिथं नवं नाव लिहायचं. सिस्टीमच्या फाईलीला हात लावायचा नाही, ती सगळ्यांची असते. मी नाव ठेवलं काटाओळ. सीमाताईनं एका फटक्यात सगळीकडं बदललं. ते भांडण मिटलं.

दुसरं राउंड.

सीमाताईनं सरांचं फंक्शन उघडलं. वाचलं. परत वाचलं.

"आप्पा, सिस्टीमचा राउंड आता हाताशी आहे. काकांचा काढून टाकला तरी प्रोग्राम बांधला जाईल. पण काकांचा तसा नाहीये. हा कायम वर नेतो. चूक आहे का मुद्दाम आहे?"

मागं बापू बसलेले. ते मोबाईलवर कुणाला तरी टँकरचं विचारत होते.

"मुद्दाम हाय," मी म्हणालो.

"मग काढायचा नाही. याचंही नाव बदलू. माय राउंड ठेवते, सगळे तसंच ठेवतात."

"तसं नको. जे काम करतं ते नाव लिहा. पुरं धरा."

तिनं माझ्याकडं बघितलं. "असंच?"

"असंच. इंग्रजी अक्षरांत लिहा, पण शब्द आपला लिहा."

आता इथं लोक मला बोलतात. आमची सीमाताईसुद्धा नंतर बोलली. माय राउंड राहिलं असतं तर कुणाला काही दिसलं नसतं. खरं आहे. पण काट्याच्या आत लपवलेलं माप, ते कुणाच्या का बाजूचं असेना, मला पटत नव्हतं. सर होते तोवर ते सरांच्या भरवशावर होतं, तात्या होते तोवर त्यांच्या शब्दावर. दोघंही नसताना ते बेनामी ठेवणारा मी कोण? त्याला त्याचं नाव मिळायला हवं होतं. तेव्हा माझं म्हणणं हे होतं आणि आजही तेच आहे.

सीमाताईनं नाव लिहिलं. बापूंचा फोन झाला होता. ते चष्मा लावून पुढं वाकले. इतकी वर्षं त्या पडद्यावर त्यांना कळणारं काही आलं नव्हतं. या वेळी आलं.

"पुरं धरा," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, "हे तर आमच्या तात्यांचं बोलणं. हे हितं कसं?"

मी सांगितलं. अगदी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बापू ऐकत होते. मध्ये एकदा उठून त्यांनी दार लोटलं.

"म्हंजी आप्पा, आम्हाला रोज घट येती, पावत्यांवर दूध जास्त अन् टँकरला कमी, ती ह्यामुळं?"

"व्हय."

"गेली इतकी वर्षं?"

"तेव्हापासून."

"मी टँकरवाल्याला बोललो. चिलिंग सेंटरवाल्याशी कचाकचा भांडलो. आन् घट तुमच्या प्रोग्राममधून निघाली?"

"प्रोग्राममधून न्हाई, बापू. तुमच्या वडलांच्या शब्दातून निघाली. प्रोग्रामनं तो पाळला."

ते मला लागेल असं काही बोलले नाहीत. चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाले, "तात्यांच्या टायमाला सेंटरवाले घट सोडत होते. आता त्यांच्याकडं बी नवा काटा आलाय. गेल्या आठवड्यात त्यांनी सांगितलंय, घट अशीच राहिली तर टँकर ह्या वाटंला येणार न्हाई. टँकर बंद झाला तर कुनाचं माप अन् कुनाचं काय?"

तरी मी बोललो. मी म्हणालो, मोठ्या लोकांचं शाळेतल्या गणितासारखं सरळ करा, दोन लिटरच्या आतलं आहे तसं ठेवा. सीमाताई म्हणाली, तसं करता येईल, अवघड नाही. बापूंनी कमिटीच्या तिघांना बोलावलं. ते आले, चहा झाला, चर्चा झाली. त्यातल्या एकाचं म्हणणं, दोन लिटरच्या आतलं ठेवलं तर उद्यापासून गावातली प्रत्येक किटली दोन लिटरच्या आतली होईल. घरातली चार माणसं चार किटल्या घेऊन येतील. तेही खोटं नव्हतं. दुसरा म्हणाला, "सरळ माप म्हंजी काय वाईट हाय का, आप्पा? कधी चार थेंब जातील, कधी चार मिळतील."

"ज्याचं चाळीस लिटर हाय त्याचं तसं व्हईल," मी म्हणालो. "जिची म्हस रोज तेवढंच देती, तिचं रोज जाईल."

"कुनाची म्हस रोज तेवढंच देती?" तो हसला.

मी नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं का, कोण जाणे. चौघांनी ठरवलं. सरळ माप.

बापू मला म्हणाले, "आप्पा, मला बी हे गोड वाटत न्हाई. पण डेअरी राहिली पाहिजे."

"मला कळतंय," मी म्हणालो. "पटत न्हाई. कळतंय."

सीमाताई म्हणाली, "आप्पा, उठा, मी करते." मी उठलो नाही. सरांच्या हाताचं ते फंक्शन दुसऱ्या कुणी पुसायचं नाही. मी एकेक ओळ खोडली. शेवटची खोडल्यावर नुसतं नाव राहिलं, ज्या ज्या ठिकाणी त्याला हाक मारली होती तिथलं. ते सीमाताईनं परत राउंड केलं. आता हाक मारली की सिस्टीमचा राउंड येणार. बांधायला लावलं. कंपायलर कुठंही अडला नाही, एक अक्षर बोलला नाही. इतकं बिनतक्रार बांधकाम मी आयुष्यात फार थोड्या वेळा बघितलं असेल.

पाच वाजता घंटी झाली. सीमाताईची शिरूरची गाडी होती, ती गेली. मी रीतीप्रमाणे थांबलो.

दूध यायला लागलं. किटल्या, कॅन, एखादी बादली. पावत्या निघत होत्या. कुणी पावतीकडं बघत होतं, कुणी न बघता खिशात घालत होतं. हौसाआक्का आली. म्हातारी झाली होती, पण चाल तीच, पुढं वाकून झपझप. काट्यावर तिचं दूध ओतलं, आकडा आला एक पॉइंट त्रेसष्ट. हाच आकडा येईल असं नव्हतं, दुसरा आला असता तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पावती आली एक पॉइंट सहा.

तिला वाचता येत नव्हतं, पण त्या जागेवर रोज काय चित्र असतं ते तिला पाठ होतं. ती पावती डोळ्याजवळ नेऊन बघत राहिली.

"आप्पा, आज कमी दिलं व्हय बाईनं?" बाई म्हणजे तिची म्हैस. मग स्वतःशीच म्हणाली, "सकाळपासनं मला वाटतच होतं. खाल्लं न्हाई धड. उद्या डॉक्टरला बलवावं लागंल."

मागं रांग होती. बापू शेजारी उभे होते. मला बोलायचं होतं. "आक्का," एवढंच म्हणालो. तोवर मागचा गडी म्हणाला, "ए आज्जे, सरक की पुढं, माझं नासंल." आणि ती सरकली. किटली विसळून डोक्यावर पदर घेऊन निघून गेली.

रात्री डेअरीतच झोपलो. झोप कसली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला उठलो. तोंड धुतलं. डेअरी उघडायला अजून वेळ होता. मी चालत तिच्या वस्तीवर गेलो. ती गोठ्यात होती, धार काढायच्या आधी म्हशीपुढं पेंड ठेवत होती, रोजच्यापेक्षा जास्त. मला बघून म्हणाली, "आप्पा? एवढ्या सकाळचं? डॉक्टरचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"डॉक्टर नको, आक्का," मी म्हणालो. "म्हस बरी हाय. काल तिनं रोजच्याएवढंच दिलं. माप बदललंय."

तिला समजावं म्हणून मी सगळं सांगितलं, मापाड्याच्या वेळचं, काट्याच्या आतलं, कालचं. मी काय पुसलं तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि हातानं म्हशीची पाठ चोळत होती. माझं झाल्यावर तिनं टोपल्यातली निम्मी पेंड परत पोत्यात टाकली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग काल रांगंत का न्हाई बोललास?"

या बाईनं मला अरे-तुरे त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

ती धार काढायला बसली. मी तिथंच उभा राहिलो, किटली भरेपर्यंत. भरली तशी मी ती उचलली आणि तिच्याबरोबर डेअरीपर्यंत चालत गेलो. रांग लागली होती. बापू दारात होते. मी किटली खाली ठेवली आणि रांगेच्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. प्रत्येकापुढं उभं राहून, त्याच्या तोंडाकडं बघून सांगितलं, की कालपासून माप सरळ झालंय, वरचं घर आता धरत नाहीत, आणि ते काढणारा हात माझा आहे.